चिखल आणि खोल पाण्यासाठी गाडी तयार करणे : बडोदा आणि आसपास

ढाढरकाठ · रविवार, रात्री ९:१०

मंडळी, पावसाळा तोंडावर आलाय आणि मला गाडीची तयारी आत्ताच करून ठेवायची आहे. घर दांडिया बाजारात, शेती करजणच्या अलीकडे ढाढरच्या बाजूला. डांबरी रस्ता संपला की पुढचा टप्पा निव्वळ काळ्या मातीचा, आणि मध्ये एक बुटका फरशी पूल. एरवी त्यावरून सायकलही जाते, पण वरच्या भागात जोराचा पाऊस झाला की त्यावर पाणी चढतं. आई-बाबा तिकडेच राहतात, त्यामुळे "पाऊस थांबल्यावर जाऊ" हे दर वेळी जमत नाही.

गाडी थार, डिझेल, फोर बाय फोर, टायर कंपनीचेच. एका गॅरेजवाल्याने यादी दिली आहे : स्नॉर्केल (इंजिनासाठी हवा वरून ओढणारी नळी), मोठे मड टायर, लिफ्ट किट (गाडी उंच करणारं), पुढे विंच (दोर गुंडाळून रुतलेली गाडी ओढणारं यंत्र). एकूण आकडा लाखांत जातोय. पैसे टाकायला ना नाही, पण आधी काय, नंतर काय आणि काय अजिबात नको, हे अनुभवी लोकांकडून ऐकायचं आहे. आपल्याकडची माती आणि आपल्याकडचं पाणी डोळ्यांसमोर ठेवून सांगा. परदेशी व्हिडिओ भरपूर पाहून झालेत.

---

ग्रीसचे_हात · रविवार, रात्री १०:०२

यादी उलटी आहे. स्नॉर्केल शेवटी, ब्रीदर आधी.

सविस्तर सांगतो. गाडी किती पाण्यात जाऊ शकते हे तिच्या उंचीवर कमी आणि तिला भोकं कुठे-कुठे आहेत यावर जास्त ठरतं. सगळ्यात वरचं भोक एअर फिल्टरला हवा ओढून देणारं. त्याची काळजी सगळे करतात, कारण तिथून पाणी गेलं की इंजिन जागेवर संपतं. पण त्याच्या बरंच खाली आणखी भोकं आहेत. मागच्या अ‍ॅक्सलच्या डोक्यावर, पुढच्या अ‍ॅक्सलवर, गिअरबॉक्सवर आणि ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा) प्रत्येकी एक बारीक नळी किंवा टोपी असते. आतलं ऑइल गरम झालं की हवा फुगते, तिला बाहेर पडायला वाट लागते. हाच तो ब्रीदर.

आता तुमच्या रस्त्याचा विचार करा. शहरातून हायवेने तासभर गाडी हाकलली, डिफरन्शियल (अ‍ॅक्सलच्या मधला गिअरचा गोळा) हात लावू देत नाही इतकं तापलं, आणि तुम्ही थेट पाण्यात उतरलात. लोखंड एकदम गार पडतं, आतली हवा आकसते आणि जिथून मिळेल तिथून बाहेरचं ओढून घेते. ब्रीदर पाण्याखाली असेल तर पाणीच ओढलं जातं. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर त्याहून वाईट, कारण मग ऑइल सीलच्या ओठांतून पाणी आत येतं. गाडी त्या दिवशी मजेत घरी पोहोचते. दोन महिन्यांनी मागून घरघर सुरू होते आणि आतले गिअर (क्राउन-पिनियन), बेअरिंग सगळं काढायची वेळ येते. तेव्हा कोणाला तो फरशी पूल आठवतही नाही.

उपाय स्वस्त आहे. ऑइलला टिकणारा रबरी होज आणायचा, प्रत्येक ब्रीदरपासून वर बॉनेटखाली एअर फिल्टरच्या उंचीपर्यंत न्यायचा, टोकाला छोटा फिल्टर लावायचा. नळी सायलेन्सरपासून लांब ठेवायची, कुठे दबू द्यायची नाही, आणि अ‍ॅक्सल खाली-वर होतो तेवढी ढील सोडायची. काही गाड्यांत कंपनीनेच नळी वर नेलेली असते. म्हणून आधी रॅम्पवर चढवून एकेक नळी बोटाने माग काढत बघा, ती नेमकी कुठे संपते ते.

थारची कंपनीने सांगितलेली मर्यादा ६५० मिलिमीटर आहे. ती साचलेल्या पाण्यासाठी आणि सावकाश चालवण्यासाठी, हे विसरू नका. लिफ्ट किट नको. तुमच्या कामाला लागत नाही, आणि ओल्या हायवेवर वळणात त्रास देईल तो वेगळाच.

---

मांजलपूर_एक्स्प्रेस · रविवार, रात्री १०:४५

ग्रीसदादा, ब्रीदरचं शंभर टक्के पटलं. स्नॉर्केलला मात्र इतकं खाली टाकू नका. फोर्सच्या गुरखा गाडीला कंपनीच स्नॉर्केल देते आणि मर्यादा ७०० मिमी सांगते, ती उगाच नाही. शिवाय उन्हाळ्यात समोरच्या गाडीचा धुरळा खात जावं लागतं, तेव्हा हवा वरून घेतलेली कधीही बरी.

---

ग्रीसचे_हात · रविवार, रात्री ११:१५

धुळीसाठी घ्या, आनंदाने घ्या. माझा आक्षेप वेगळा आहे. इथे येणाऱ्या बऱ्याच गाड्यांवरचे स्नॉर्केल नुसते चिकटवलेले असतात. बाहेरून ऐटीत दिसतात, पण आत फिल्टरच्या डब्याशी सांधा हवाबंद नसतो. डब्याच्या तळाला पाणी निथळायला जे भोक असतं तेही उघडंच असतं. म्हणजे हवा वरून आणि पाणी खालून. स्नॉर्केल बसवून घेतलात तर इंजिन चालू ठेवून वरच्या तोंडावर तळहात दाबून धरा. इंजिन गुदमरून बंद पडायला हवं. चालूच राहिलं तर कुठेतरी गळती आहे, आणि तो स्नॉर्केल पाण्यासाठी निकामी.

दुसरं, आणि जास्त महत्त्वाचं : स्नॉर्केल लावला की माणसाचा धीर वाढतो आणि गाडीचं वजन तेवढंच राहतं. त्यावर कोणीतरी हिशेब करून लिहावं.

---

कलाभवनी · सोमवार, सकाळी ७:३०

हिशेब मी करतो. शिकवण्यातलं आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

एक घनमीटर पाण्याचं वजन १००० किलो. छोटी हॅचबॅक घ्या, वजन ९०० किलो. तिच्या तळाचं क्षेत्रफळ ढोबळमानाने पाच चौरस मीटर. पाणी तळाच्या वर १० सेंटीमीटर चढलं की गाडीने अर्धा घनमीटर पाणी बाजूला सारलं, म्हणजे पाणी तिला ५०० किलोने वर उचलतंय. २० सेंटीमीटरला १००० किलो, म्हणजे गाडी तरंगायला लागली. तळ जमिनीपासून १७-१८ सेंटीमीटरवर असतो, तेव्हा जमिनीपासून मोजलं तर जेमतेम सव्वा फूट पाणी झालं. दारांतून पाणी आत शिरलं की थोडी खाली बसते, पण ते शिरायला वेळ लागतो, आणि गाडी नवी व दारांचे रबर चांगले असतील तर आणखी वेळ लागतो.

गाडी पूर्ण तरंगायचीही गरज नाही. टायरची पकड वजनावर असते. वजन निम्मं झालं की पकडही निम्मी. त्यात पाणी वाहतं असेल तर ते बाजूने ढकलणार, आणि हा धक्का वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. प्रवाह दुप्पट वेगाने वाहू लागला की धक्का चौपट. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी रस्त्यावरून सरकवू शकतं आणि दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या नेऊ शकतं, असं पूरसुरक्षेच्या सूचनांमध्ये सांगतात, ते याच गणितामुळे. थारही त्यात आली.

त्यामुळे ढाढरकाठ, तुमच्या फरशी पुलाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ६५० हा आकडा त्या जागेसाठी वापरायचाच नाही. पाणी वाहतं असेल आणि टायरच्या निम्म्यापर्यंत येत असेल, तर गाडी अलीकडे उभी करायची. तिथे कुठलाही स्नॉर्केल उपयोगी नाही.

---

समाची_मेघना · सोमवार, सकाळी ९:२०

माझा प्रश्न शेतात जाणाऱ्यांचा नाही, पण विषय हाच आहे म्हणून इथेच विचारते.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री काळा घोडा पुलापाशी ३५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी २६ फूट. आमच्या समा भागात तळमजले पाण्यात होते आणि पार्किंगमधल्या गाड्या कितीतरी तास बुडून होत्या. त्याआधी ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात ५०० मिमीच्या आसपास पाऊस पडला होता, तेव्हाही तीच गत. पाणी ओसरल्यावर आमच्या शेजारच्या काकांनी गाडी पुसली, बॅटरी लावली आणि सेल्फ मारला. टक् असा एक आवाज आला आणि इंजिन गेलं. नेमकं काय होतं? आणि माझ्यासारख्या साध्या पेट्रोल हॅचबॅकवाल्यांनी काय करायचं?

---

ग्रीसचे_हात · सोमवार, दुपारी १:०५

मेघनाताई, त्या एका 'टक्'मध्ये कनेक्टिंग रॉड वाकला.

तुमचं इंजिन १२०० सीसीचं, चार सिलिंडरचं धरू, म्हणजे प्रत्येकी ३०० सीसी. पिस्टन वर गेला की एवढी हवा साधारण ३० सीसी जागेत दाबली जाते. हवा दबते, पाणी दबत नाही. ३० मिली म्हणजे दोन मोठे चमचे. तेवढ्याहून जास्त पाणी सिलिंडरमध्ये असेल तर पिस्टनला वर जायला जागाच नसते. सेल्फ मोटर मात्र जोर लावून त्याला वर ढकलत राहते. मग सगळ्यात नाजूक असेल ते वाकतं. डिझेलमध्ये दाब जास्त, त्यामुळे नुकसानही मोठं.

म्हणून नियम एकच : बुडालेल्या गाडीला चावी लावायची नाही. गाडी चालू आहे की नाही "फक्त बघायला" सुद्धा नाही. आधी बॅटरीचं मायनस टोक काढा. ऑइलची डिपस्टिक ओढून बघा. ऑइलचा रंग दुधाळ दिसला किंवा पातळी खुणेच्या बरीच वर दिसली तर आत पाणी आहे. एअर फिल्टरचा डबा उघडून कागद ओला आहे का बघा. मग गाडी उचलून नेणाऱ्या ट्रकवर टाकून गॅरेजला. तिथे प्लग काढून, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढतात, सगळी ऑइलं बदलतात, आणि त्यानंतरच सेल्फ.

चालत्या गाडीत पाण्यात इंजिन बंद पडलं तरी हेच. पुन्हा सुरू करायचा मोह होतो, मागून लोक हॉर्न वाजवत असतात. तिथे न्यूट्रल करा आणि ढकला.

---

पॉलिसी_वाचा · सोमवार, दुपारी ३:३०

यात विम्याचा भाग जोडतो. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पुराने झालेलं नुकसान येतं. पण पाण्यात सेल्फ मारून इंजिन गेलं तर तो 'नंतर ओढवून घेतलेला' तोटा समजून दावा नाकारला जातो. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन नावाचं वेगळं कव्हर असतं. पावसाळ्याआधी पॉलिसी काढून बघा ते आहे का. दावा करायचा असेल तर गाडी हलवण्याआधी पाण्याची रेघ कुठपर्यंत आली त्याचे फोटो काढा. दारावर, सीटवर, डॅशबोर्डवर ती रेघ स्वच्छ दिसते.

---

समाची_मेघना · सोमवार, दुपारी ४:१०

फार उपयोगी पडलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकते. आणखी एक : आजवा धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की गाड्या उंचावर नेऊन ठेवायच्या, हे आता आमच्याकडे सगळ्यांनी ठरवून टाकलंय. ब्रिजवर रांगच लागते. पण माझ्या मते बडोद्यात हॅचबॅकची हीच सर्वांत मोठी तयारी आहे.

---

डभोईचा_रानवाला · सोमवार, रात्री ८:४०

पाण्याचं झालं, आता चिखलाकडे या. धाग्याचं नाव चिखलाने सुरू होतं आणि सगळे पाण्यातच उभे आहेत.

आपली कानम पट्ट्यातली काळी माती वेगळी आहे. मुरमाड जमिनीत गाडी घसरते, काळ्या मातीत गाडी बांधली जाते. ही माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. टायरच्या नक्षीत भरली की टायर गुळगुळीत गोळा होतो, मग तो कितीही महागाचा असो. त्यानंतर ती मडगार्डच्या आत थरावर थर बसते आणि शेवटी चाकच फिरेनासं होतं. मी बैलगाडीचीसुद्धा चाकं अशी अडलेली पाहिली आहेत.

पाऊस थांबून ऊन पडलं की फसवणूक सुरू होते. वर पापडी धरते, रस्ता वाळल्यासारखा दिसतो, आणि खाली सगळं लोणी असतं. गाडीतून उतरून टाचेने दाबून बघा. टाच आत गेली आणि बूट वर घेताना चप् आवाज आला की तो रस्ता त्या दिवशी आपला नाही. बांधाच्या कडेने गवत असेल तर एक चाक गवतावर ठेवून जा, मुळं माती धरून ठेवतात. ट्रॅक्टरच्या चाकोरीत मात्र जाऊ नका. ट्रॅक्टरचं पोट उंच असतं, त्याची चाकोरी तेवढीच खोल असते. तुमची गाडी त्यात पोटावर टेकते आणि चारही चाकं हवेत फिरत राहतात.

टायर : मोठे घेऊ नका. कंपनीच्याच मापात, मोकळ्या नक्षीचे ऑल टेरेन घ्या. निव्वळ मड टायर चिखलात सरस, पण तुमचा निम्म्याहून जास्त रस्ता हायवेचा आहे आणि ओल्या डांबरावर मड टायर लवकर थांबत नाही. पैसे टायरपेक्षा एका चांगल्या कॉम्प्रेसरवर आणि हवा मोजायच्या मापावर खर्च करा. चिखल सुरू व्हायच्या आधी हवा १८ ते २० पीएसआयवर आणा. टायर लांबट पसरतो, वजन जास्त जागेवर पडतं, गाडी कमी रुतते. १५ च्या खाली नको, वळताना टायर रिममधून निसटतो. आणि परत डांबरावर आलात की तिथेच थांबून हवा भरा. कमी हवेवर हायवेला पळवली तर टायर तापून फुटतो.

विंचबद्दल : तुमच्याकडे शेतात झाड किती अंतरावर आहे? आमच्याकडे कापसाच्या सपाट रानात विंचचा दोर बांधायला काही नसतं. त्या पैशांत चाकाखाली घालायच्या फळ्या, फावडं, दोर आणि गावातल्या ट्रॅक्टरवाल्याशी चांगले संबंध एवढं सगळं होतं. फळ्या नसतील तर कपाशीच्या पऱ्हाट्यांचे भारे. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तेच घालतात.

---

ढाढरकाठ · सोमवार, रात्री ९:३०

रानवाले काका, अगदी माझ्याच रस्त्याचं वर्णन केलंत. झाड खरंच नाही. विंच यादीतून गेला.

दोन शंका. चिखलात ट्रॅक्शन कंट्रोल चालू ठेवायचा का? आणि पुलापाशी पाणी किती आहे हे कळणार कसं? सगळीकडे "आधी चालत जाऊन बघा" असंच सांगतात.

---

कलाभवनी · सोमवार, रात्री ९:५०

चालत जाऊन बघा हा सल्ला आपल्याकडे कृपया कोणी देऊ नका. विश्वामित्रीत मगरी आहेत हे सगळ्या जगाला माहीत आहे. ढाढरमध्येही आहेत, आणि पुराच्या पाण्याबरोबर त्या नाल्यांत, शेतांत, सोसायट्यांत येतात. गढूळ पाण्यात गुडघाभर उतरून काठी टेकवत जाणं इथे धोक्याचं आहे. शिवाय पाण्याखाली फरशी खचली असेल तर माणूसच जायचा.

---

डभोईचा_रानवाला · सोमवार, रात्री १०:२०

कलाभवनी साहेबांशी पूर्ण सहमत. पाणी न उतरता मोजायचं असतं.

पूल कोरडा असतानाच, म्हणजे या आठवड्यात, टेप घेऊन जा. पुलाच्या कडेला दगडी खुंट असतील तर प्रत्येकावर एक फूट आणि दोन फूट अशा ऑइलपेंटच्या पट्ट्या मारा. खुंट नसतील तर दोन्ही टोकांना लोखंडी पाइप रोवून घ्या, गावकऱ्यांना सांगून, म्हणजे कोणी उपटणार नाही. पावसात पट्टी दिसली की हिशेब झाला. दोन्ही बाजूंचे खुंटच दिसत नसतील तर पूल कुठे संपतो हेही कळणार नाही, तेव्हा गाडी वळवायची.

दुसरं माप ट्रॅक्टर. मागच्या चाकाचा हब जमिनीपासून साधारण दोन फुटांवर असतो. पलीकडून ट्रॅक्टर येताना पाणी हबला लागलं, तर तुमच्या गाडीची साचलेल्या पाण्यातली मर्यादाही तिथेच भरली; वाहत्या पाण्यात त्याच्या बरंच आधी थांबायचं. ट्रॅक्टर गेला म्हणून आपण जाऊ असं करू नका. त्याच्या तळाला पाण्याने उचलावं असं पत्र्याचं पोटच नाही, आणि चाकांत पाणी भरून वजन वाढवलेलं असतं.

ट्रॅक्शन कंट्रोलचं ग्रीसदादा सांगतील.

---

ग्रीसचे_हात · मंगळवार, सकाळी ८:१५

खोल चिखलात बंद करा. चाक थोडं फिरलं तर नक्षीतली माती उडून जाते आणि पुन्हा पकड मिळते. सिस्टिम मात्र चाक फिरलं की इंजिनची ताकद कापते आणि गाडी नेमकी नको तिथे थांबते. फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारा सावकाश, जोरकस टप्पा), दुसरा गिअर, एकसारखा अ‍ॅक्सिलेटर. वेग मंदावला तर स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवत राहा, टायरच्या कडा नवीन माती धरतात. चाकं जागेवर फिरायला लागली आणि गाडी पुढे सरकत नसेल तर लगेच पाय काढा. त्यानंतरचं प्रत्येक सेकंद खड्डा खोदण्यात जातं.

साचलेल्या पाण्याचं तंत्र वेगळं. आधी थांबा, पाच-दहा मिनिटं अ‍ॅक्सल गार होऊ द्या. तेवढ्यात सीटबेल्ट काढा आणि काचा खाली करा, कारण पाण्याच्या दाबाने दार उघडत नाही आणि पॉवर विंडो कधी बंद पडेल सांगता येत नाही. आपोआप बंद-चालू होणारं इंजिनचं बटण असेल तर ते बंद करा. फोर-लो, पहिला किंवा दुसरा गिअर, अगदी हळू उतरा. मग माणूस झपझप चालतो तेवढा वेग धरा. बंपरपुढे एक लाट तयार होते आणि तिच्या मागे, बॉनेटखाली, पाण्याची पातळी जरा खाली राहते. ती लाट सांभाळत पलीकडे जायचं. वेग वाढवला तर लाट बॉनेटवर चढते, थांबलात तर पाणी परत आत येतं. गिअर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही, प्लेटमध्ये पाणी आणि गाळ जातो. एका वेळी एकच गाडी. समोरून दुसरी आली तर दोन्ही लाटा एकमेकींवर आपटून थेट इंजिनात येतात. अलकापुरीच्या गरनाळ्यात (रेल्वेखालच्या रस्त्यात) पाणी साचलं की हेच होताना दिसतं. गाड्या एकट्याने निघू शकल्या असत्या, पण शेजारून बस जाते आणि तिची लाट त्यांना बंद पाडते.

पुढच्या जाळीवर ताडपत्री बांधली तर लाट आणखी चांगली धरते, पण गाडी चालती असेपर्यंतच. पलीकडे गेल्यावर ताबडतोब काढा, नाहीतर इंजिन तापेल. जुनी बोलेरो किंवा जीप असेल, ज्यात फॅन बेल्टवर फिरतो, त्यात फॅनची पाती पाण्यात वाकून रेडिएटरला भोक पाडतात. तिथे तर ताडपत्री हवीच.

बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत थोडं अंतर गाडी चालवा. ओले ब्रेक पहिल्या दाबाला लागत नाहीत.

---

स्प्लेंडरवरून · मंगळवार, सकाळी १०:००

आम्हा दुचाकीवाल्यांचं काय? पाद्र्याकडच्या कारखान्यात शिफ्टला जावंच लागतं.

---

मांजलपूर_एक्स्प्रेस · मंगळवार, सकाळी ११:२५

थोडक्यात : सायलेन्सर बुडेल एवढ्या पाण्यात थ्रॉटल सोडायचा नाही, पहिल्या गिअरमध्ये एकसारखं. बंद पडली तर सायलेन्सरमधून पाणी मागे सिलिंडरमध्ये येतं. तेव्हा ढकलत बाहेर काढा, पुढचं चाक उचलून सायलेन्सर रिकामा करा, प्लग काढून किक मारा, पाणी प्लगच्या भोकातून उडून जाईल. प्लग पुसून लावा. एअर फिल्टर ओला असेल तर आधी तो वाळवा. स्कूटरमध्ये बेल्टच्या डब्यात पाणी गेलं तर इंजिन घोंघावतं पण गाडी पुढे जात नाही. थोडं थांबलं की बेल्ट वाळतो. तिथे रेस देत बसू नका. आणि झाकण नसलेली गटारं कुठे आहेत हे पावसाआधी बघून ठेवा, चाक जायला ती पुरतात.

---

ढाढरकाठ · मंगळवार, दुपारी १२:४०

दोराबद्दल कोणी सांगेल का? कोणता घ्यायचा आणि कुठे बांधायचा? बंपरमध्ये झाकण काढून जो हूक फिरवून बसवतात तो चालेल का?

---

ग्रीसचे_हात · मंगळवार, रात्री ९:१५

हे वाचताना सगळ्यांनी थोडं थांबून वाचा. गाडी काढताना लागलेले मार मी जवळून पाहिले आहेत.

आधी बांधायचं कुठे ते. फिरवून बसवायचा छोटा हूक सपाट रस्त्यावर बंद गाडी ओढण्यापुरता असतो. चिखलात पोटापर्यंत रुतलेल्या गाडीला चिखल स्वतः मागे ओढत असतो, आणि गाडीच्या वजनाहून जास्त ताण येऊ शकतो. हूक तुटला तर दोराच्या ताणाने तो गोळीसारखा सुटतो. चेसिसच्या दांड्याला जाड बोल्टने बसवलेला हूक असेल तोच वापरा. कंपनीचा पक्का हूक कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये बघा. ट्रेलरचा गोल बॉल कधीही नाही. अ‍ॅक्सल, सस्पेन्शनचे आर्म, बंपर यांनाही नाही.

दोर दोन प्रकारचे. नायलॉनचा जाड कायनेटिक दोर ताणतो आणि साठलेल्या ताणाने गाडीला हळूच उपसतो. ओढणारी गाडी थोडी ढील ठेवून निघू शकते. पॉलिएस्टरचा पट्टा ताणत नाही. त्यावर आधी ढील काढून मगच सावकाश ओढायचं. साखळी किंवा तारेचा दोर लावून हिसका मारायचा नाही, कोणी कितीही म्हणो. ट्रॅक्टरवाला भाऊ साखळी घेऊनच येईल, त्याला चहा पाजा आणि आपला दोर द्या. दोराच्या मधोमध भिजवलेली दोन गोणपाटं टाका. तुटला तर दोर हवेत न उडता खाली पडतो. आणि ओढताना दोराच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही. पोरं बघायला येतात, त्यांना दोराच्या दीडपट अंतरावर हटवा. त्याशिवाय गिअर टाकू नका.

त्याआधी फावडं. प्रत्येक चाकापुढचा आणि पोटाखालचा चिखल काढा. अर्ध्या वेळा गाडी त्यानेच स्वतः निघते. जॅक लावायचा तर त्याखाली जाड फळी, नाहीतर जॅकच जमिनीत जातो.

आता परत आल्यावरचं. गाडी धुताना वरून चकचकीत करतात आणि खालचं राहतं. रिमच्या आतल्या बाजूला मातीचा ढेकूळ वाळून बसतो, मग ८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि लोक अलाइनमेंटला पैसे देतात. पाण्याची नळी चाकाच्या आतून, ब्रेक शील्डच्या फटीतून आणि चेसिसच्या पोकळीतून सोडा. रेडिएटरच्या जाळीतली माती मागून पुढे अशा दिशेने, कमी दाबाने काढा. प्रेशर गन लावली तर बारीक पाकळ्या दुमडतात. प्रॉपेलर शाफ्टला ग्रीस निपल असतील तर जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवीन भरा. जे बाहेर येतं ते करडं आणि पाणचट असेल तर वेळेवर भरलंत.

डिफरन्शियलचं ऑइल खोल पाण्यातून आल्यावर एकदा तपासायचंच. गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी ठेवा, पाणी जड असल्याने तळाला बसतं. सकाळी खालचा ड्रेन प्लग पूर्ण न काढता किंचित ढिला करा आणि पहिले थेंब बोटावर घ्या. ऑइल सोनेरी-काळपट असेल तर प्लग आवळा. आधी स्वच्छ पाण्याचा थेंब आला किंवा ऑइल ताकासारखं पांढुरकं दिसलं, तर सगळं काढून नवीन भरा. तो खर्च क्राउन-पिनियनपुढे काहीच नाही.

---

पॉलिसी_वाचा · बुधवार, सकाळी ९:०५

गॅरेजच्या यादीत विंचबरोबर लोखंडी बुल बार असेल तर तोही काढा. केंद्राच्या परिवहन खात्याने डिसेंबर २०१७ मध्ये क्रॅश गार्ड, बुल बार बेकायदा असल्याचं राज्यांना कळवलं आहे. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ चं बंधन आहे, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. बदललेल्या गाडीचा दावा अडकतो.

---

विजेवर_चालतो · बुधवार, सकाळी ९:४०

इलेक्ट्रिकवाल्यांसाठी एक ओळ. बॅटरीला आयपी ६७ दर्जा असेल तर त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात ३० मिनिटं, तेही गोड्या, स्थिर पाण्यात, चाचणीच्या खोलीत. हवा ओढायची नसते म्हणून इंजिन बसण्याची भीती नाही, पण कलाभवनी सरांचं तरंगण्याचं गणित आपल्याला तसंच लागू आहे. तळ सपाट आणि बंद, म्हणून जरा जास्तच. बुडालेली गाडी चार्जिंगला लावू नका.

---

ढाढरकाठ · बुधवार, रात्री ८:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. यादी नव्याने केली : चारही ब्रीदर वर न्यायचे, पुढे-मागे चेसिसला पक्के हूक आहेत का ते तपासायचं, कायनेटिक दोर, तो हुकाला अडकवायला दोन शॅकल (लोखंडी कड्या), फळ्या, फावडं, कॉम्प्रेसर. काच फोडायची हातोडी ड्रायव्हरच्या दारात. टायर सध्या तेच, झिजले की ऑल टेरेन. स्नॉर्केलचा विचार दिवाळीनंतर, तेही तळहात लावून बघता येईल अशाच ठिकाणी. बाबांनी ऑइलपेंट आणि दोन पाइप आणून ठेवलेत. आई-बाबांकडे दहा दिवसांची औषधं आणि किराणा आधीच भरून ठेवतोय, म्हणजे पूल पाण्याखाली असताना जायची घाई राहणार नाही.

ग्रीसदादा, थारच्या ब्रीदरला होज कोणत्या मापाचा?

---

ग्रीसचे_हात · बुधवार, रात्री ८:५५

अंदाजाने घेऊ नका. ब्रीदरची टोपी काढली की खालचा नळीचा तुकडा कॅलिपरने मोजा आणि त्या मापाचा, ऑइल आणि उष्णतेला टिकणारा होज घ्या. बागेची प्लॅस्टिक नळी चालणार नाही, उन्हाने कडक होऊन सुटते. क्लिप स्क्रूच्या. टोपी काढण्याआधी भोवतालची माती ब्रशने झाडून घ्या, नाहीतर तीच अ‍ॅक्सलमध्ये पडते. रॅम्पवर चढवाल तेव्हा फोटो टाका, नळीचा मार्ग कसा घ्यायचा ते फोटोवर खुणा करून देतो.